डिफेंडरच्या डोक्याला लागून गेलेला बॉल, ऑफसाइड की नाही? (पोलो ग्राउंडवरचा किस्सा, जाणकारांनी सांगा)

झेंडेवाला_बडोदा
राम राम मंडळी. धागा काढू का नको असा दोन दिवस विचार केला, पण पोटात राहिना म्हणून काढतोय. मी रविवारी सकाळी पोलो ग्राउंडवर पोरांच्या मॅचेसना लाईनवर उभा राहतो. असिस्टंट रेफ्री हे फार मोठं नाव झालं, मी आपला सेव उसळीवर बोलावलेला लाईनमन. झेंडा पण घरचा, बायकोच्या जुन्या केशरी ओढणीचा तुकडा आणि झाडूची काठी. पण नियमांचं पुस्तक दरवर्षी नवीन आलं की वाचतो, एवढं खरं.

तर परवा सतरा वर्षांखालच्या पोरांची मॅच होती. १-१, शेवटची सात-आठ मिनिटं. निळ्यांच्या पोराने मधून लांब उंच बॉल टाकला. टाकला त्या क्षणी त्यांचा नऊ नंबर पांढऱ्यांच्या शेवटून दुसऱ्या माणसाच्या (गोली धरून) दीड-दोन पावलं पुढे, म्हणजे ऑफसाइड जागेत (पास निघताना तिथे असलेल्याने तो बॉल खेळायचा नाही), यात मला तसूभर शंका नाही कारण मी नेमका लाईनीत होतो. बॉल पांढऱ्यांच्या स्टॉपरकडे (गोलीसमोरचा मागचा डिफेंडर) आला, तो मागे मागे जात उडाला, बॉल डोक्याला निसटता लागला आणि मागे गेला, नऊ नंबरने घेतला आणि घातला आत. माझा झेंडा वर. मधल्याने, म्हणजे मैदानातल्या रेफ्रीने, माझ्याकडे बघितलं, हाताने खाली घे म्हणून खूण केली आणि गोल दिला. नंतर म्हणाला, डिफेंडरने खेळला ना, मग ऑफसाइड संपला.

झालं, पांढऱ्यांचे कोच माझ्या अंगावर की झेंडा खाली का घेतला, आणि निळ्यांचे की मुळात वर का केला. माझं म्हणणं, तो बॉल त्याने खेळला नाही, त्याला लागला. तुम्ही सांगा.

ऑफसाइड_ट्रॅप
मधला बरोबर आहे. डिफेंडर बॉलकडे गेला, उडाला, डोकं लावलं. मुद्दाम खेळला म्हणजे अजून काय पायजे? तुमचा झेंडा चुकला, वाईट वाटून घेऊ नका.

मांडवीकर
नाही हो ट्रॅपराव, हे तुम्ही २०२२ च्या आधीचं सांगताय. आधी खरंच असंच धरायचे, की डिफेंडर स्वतःहून बॉलकडे सरकला आणि स्पर्श झाला की संपलं, पुढचा माणूस मोकळा. त्यामुळेच तर एम्बाप्पेचा तो गोल दिला ना. ऑक्टोबर २०२१, नेशन्स लीगची फायनल, मिलानला, फ्रान्स आणि स्पेन. तेओ हर्नांदेझने पास टाकला तेव्हा एम्बाप्पे सरळ सरळ ऑफसाइड उभा. मधे एरिक गार्सियाने पाय ताणून घसरत बॉल अडवायला बघितलं, जेमतेम स्पर्श झाला, आणि त्या स्पर्शामुळे एम्बाप्पे ऑनसाइड झाला! फ्रान्स २-१ जिंकलं. म्हणजे गार्सियाने काहीच केलं नसतं, नुसता हात बांधून उभा राहिला असता तर गोल रद्द. बिचाऱ्याने प्रयत्न केला म्हणून कप गेला. एवढी बोंबाबोंब झाली की पुढच्या जुलैत आयफॅबने (फुटबॉलचे नियम ठरवणारी संस्था) नवा खुलासा काढला.

झेंडेवाला_बडोदा
हां, तोच खुलासा. आणि यात एक गंमत बघा, नियम अकरा, म्हणजे ऑफसाइडचा, आहे तो तसाच राहिला, शब्द बदलले नाहीत, बदललं ते 'मुद्दाम खेळणं' कशाला म्हणायचं ते. आता असं की डिफेंडरच्या ताब्यात बॉल असायला हवा, इतपत की त्याला पास देता आला असता, किंवा अडवून स्वतःकडे घेता आला असता, किंवा लाथेने नाहीतर डोक्याने लांब काढता आला असता. तसं असेल आणि मग त्याने माती खाल्ली तर ती त्याची चूक, ऑफसाइड पुसला. पण तसं शक्यच नव्हतं तर बॉल त्याला नुसता लागला, आणि ऑफसाइड उभाच. आणि ठरवायला खुणा दिल्यात: बॉल लांबून आला का आणि त्याला नीट दिसत होता का, वेग फार होता का, भलत्याच दिशेने अचानक आला का, अंग सावरायला वेळ मिळाला का, का नुसतं प्रतिक्रिया म्हणून ताणला किंवा उडाला. आणि जमिनीवरून येणारा बॉल हवेतल्यापेक्षा खेळायला सोपा, हे पण लिहिलंय. आमच्या स्टॉपरचा हवेत होता, तो मागे जात उडाला आणि स्पर्श निसटता. तीन खुणा माझ्या बाजूने!

ऑफसाइड_ट्रॅप
आणि बॉल लांबून आला, दिसत होता, उंच असल्याने वेळ पण होता. त्या तीन माझ्या बाजूने. फिटंफाट :)

सेव_उसळ_एक्स्ट्रा_तर्री
पॉपकॉर्न घेऊन बसलोय. चालू द्या.

मांडवीकर
ट्रॅपरावांच्या बोलण्यात पण दम आहे बरं का. लिव्हरपूलचा डिफेंडर लव्हरेन आठवतो? फेब्रुवारी २०१८, ॲनफील्ड, लिव्हरपूल आणि स्पर्स. बॉल लव्हरेनकडे आला, त्याने चांगला पाय उगारला आणि नीट बसलाच नाही, बॉल मागे स्पर्सच्या केनकडे गेला जो ऑफसाइड उभा होता. रेफ्रीने धरलं की लव्हरेनने खेळला. मग गोलीने केनला पाडलं आणि पेनल्टी (ती केनने घालवली ते वेगळं). तिथे मला वाटतं आजच्या खुणा लावल्या तरी उत्तर तेच येईल, कारण त्याला वेळ होता, फक्त शॉट बिघडला. म्हणजे बिघडणं हा मुद्दा नाही. गार्सिया आणि लव्हरेन यांच्या मधे कुठेतरी रेघ आहे आणि ती मधल्याने सेकंदात मारायची.

रावपुऱ्याचा_बापू
तुम्ही पोरं फार बारीक कातता. आमच्या वेळी बरोबरीत उभा असला तरी ऑफसाइड असायचा! कॉलेजच्या टीमला मी पुढे खेळायचो, आयुष्यातले निम्मे गोल त्यात गेले. १९९० साली नियम बदलला की बरोबरीत असेल तर चालेल, आणि मी १९८४ ला खेळणं सोडलेलं. नशीब.
आणि त्याच्याही आधीचं सांगतो, १९२५ पर्यंत ऑफसाइड टाळायला पुढे समोरच्या टीमची तीन माणसं लागायची, दोन नव्हे. तीनाचे दोन केले तर इंग्लंडच्या फर्स्ट डिव्हिजनमधे एका सीझनला ११९२ गोल व्हायचे ते पुढच्या सीझनला १७०३ झाले. एक माणूस कमी केला तर पाचशे गोल वाढले. मग डिफेंडरांनी डोकं चालवलं आणि सेंटर हाफला मागे ओढला. नियमवाले एक करतात, खेळणारे दुसरं शोधतात.

वाचनमात्र_होतो
पहिलाच प्रतिसाद. एवढ्या भानगडी कशाला, आता मशीन आलंय ना. कतारला वर्ल्डकपात २०२२ ला स्टेडियमच्या छताला १२ कॅमेरे, प्रत्येक खेळाडूच्या अंगावरचे २९ बिंदू, सेकंदाला ५० वेळा. बॉलमधे पण सेन्सर, सेकंदाला ५०० वेळा. पहिल्याच मॅचला तिसऱ्या मिनिटाला इक्वेडोरच्या व्हॅलेन्सियाचा गोल काढला की नाही? ना वाद ना काही. इंग्लंडने पण एप्रिल २०२५ पासून घेतलंय.

झेंडेवाला_बडोदा
भाऊ, पोलो ग्राउंडवर आमच्याकडे खांबाला जाळी मिळाली तरी नारळ फोडतो आम्ही :) पण खरं सांगायचं तर तिथे १२ काय १२०० कॅमेरे असते तरी माझा प्रश्न सुटला नसता. मशीन सांगतं नऊ नंबर कुठे उभा होता. ते तर मला पण माहितीय. स्टॉपरने बॉल खेळला का त्याला लागला, हे तिथे पण माणूसच टीव्हीसमोर बसून ठरवतो. उलट जागा इतकी बिनचूक कळायला लागली की सगळी भांडणं इकडे सरकली. ऑफसाइड मोजताना हात धरायचे नाहीत, मग हात कुठून सुरू होतो, तर काखेच्या खालच्या टोकापासून, हे पण लिहून द्यावं लागलं. शिंप्याचं माप झालंय.

गोलीची_आई
नमस्कार. मी फुटबॉलमधली नाही, मुलगा खेळतो म्हणून हे पान वाचते. एक विचारू का, गेल्या महिन्यात मुलाच्या तोंडासमोर त्यांचा एक पोरगा उभा होता, लांबून शॉट आला, मुलाला दिसलाच नाही, गोल. रेफ्री म्हणाले त्याने बॉलला हात... म्हणजे पाय लावला नाही मग ऑफसाइड कसला. हे बरोबर का?

मांडवीकर
ताई, तो पोरगा खरंच ऑफसाइड जागेत आणि मुलाच्या नजरेच्या रेषेत उभा असेल तर ते चूक. बॉलला स्पर्श हे एकच कारण नाही. समोरच्याची नजर अडवली, बॉलसाठी त्याच्याशी झटला, जवळच्या बॉलवर पाय टाकायला गेला आणि त्याचा समोरच्यावर परिणाम झाला, किंवा अशी काही हालचाल केली की समोरच्याला बॉल खेळणं अवघड झालं, यातलं काही पण झालं तरी ऑफसाइड. मात्र नुसतं जवळपास असणं पुरत नाही, नजर अडली पाहिजे.

ऑफसाइड_ट्रॅप
मग रॅशफर्ड??? जानेवारी २०२३, मँचेस्टर डर्बी, युनायटेड आणि सिटी. युनायटेडचा रॅशफर्ड ऑफसाइड, बॉलच्या मागे धावतोय, बॉल जवळजवळ बुटाखाली, सिटीचे डिफेंडर आणि गोली त्याच्याकडे बघून थांबलेत, शेवटी पायच लावला नाही आणि युनायटेडच्याच ब्रुनोने मागून येऊन मारला. लाईनमनने झेंडा वर केला होता, मधल्याने बोलणं करून गोल दिला. युनायटेड २-१. मी युनायटेडवाला आहे आणि तरी सांगतो, तो ऑफसाइड होता. आठवडाभर मी ऑफिसात तोंड वर करून फिरलो ते वेगळं.

सेव_उसळ_एक्स्ट्रा_तर्री
युनायटेडवाला कबूल करतोय, हा स्क्रीनशॉट जपून ठेवा रे.

झेंडेवाला_बडोदा
रॅशफर्डच्या वेळी मला त्या लाईनमनचीच कीव आली, झेंडा वर करून खाली घ्यायचा म्हणजे काय असतं ते आता स्वतः भोगलं. पुस्तकाच्या अक्षराला धरून तो गोल बसवता येतो, बॉलला शिवला नाही, कुणाला धडकला नाही, वगैरे. पण मैदानात उभं राहून बघितलं तर दोन डिफेंडरांनी आपला रस्ता त्याच्यामुळे बदलला, याला हालचालीचा परिणाम नाही म्हणायचं तर मग कशाला म्हणायचं?

रावपुऱ्याचा_बापू
अवांतर पण सांगतोच. २००८ चा युरो, हॉलंड आणि इटली. व्हान निस्टलरॉयने गोल केला तेव्हा समोर फक्त बुफॉन, सगळी इटली हात वर करून ओरडतेय. पण इटलीचा पानुची गोललाईनच्या बाहेर पडलेला, स्वतःच्याच गोलीने धडक दिलेली. रेफ्रीने त्याला धरला गणतीत, कारण डिफेंडर परवानगीशिवाय बाहेर गेला की ऑफसाइडपुरता तो गोललाईनवर आहे असं समजायचं, नाहीतर प्रत्येकजण पटकन बाहेर उडी मारून समोरच्याला ऑफसाइड करेल. आमच्या गल्लीत त्या रात्री दोन वाजेपर्यंत यावर भांडण. टीव्हीवरच्या तज्ञांना पण आधी कळलं नव्हतं.

वाचनमात्र_होतो
बापू भारी! हे माहित नव्हतं.
झेंडेवाले, एक बेसिक प्रश्न, तुम्ही झेंडा लगेच का वर केला? टीव्हीवर तर लाईनमन थांबतात, गोल झाला की मग वर करतात.

झेंडेवाला_बडोदा
ते मागे बघायला व्हीएआर (व्हिडिओ बघून तपासणारा रेफ्री) असतो म्हणून. चुकून आधी झेंडा केला आणि खेळ थांबला तर गोल परत आणता येत नाही, म्हणून थांबायचं. आमच्याकडे मागे कोण आहे? चहावाला. तिथे उगाच खेळवत ठेवला तर पोरं धडकतात. मे २०२५ मधे इंग्लंडच्या फॉरेस्ट क्लबचा अवोनियी असाच झेंडा यायच्या आधी चालू राहिलेल्या खेळात खांबावर आपटला, पोटाचं ऑपरेशन, बेशुद्ध ठेवावं लागलं त्याला. तर व्हीएआर नसेल तिथे इतकंच थांबायचं की ऑफसाइडवाला खरंच बॉलकडे जातोय का दुसरा कोणी. नऊ नंबर गेला, मी केला.

गोलीची_आई
एक मिनिट. ही परवाची रविवारची मॅच का? पांढरी टीम, गोलीचे पिवळे ग्लोव्हज? तो माझा मुलगा. आम्ही तिथेच होतो, त्या कडुलिंबाखाली.

झेंडेवाला_बडोदा
अगंबाई! हो तोच. ताई, मुलगा छान खेळतो, उंच बॉलला बाहेर येतो न घाबरता.

गोलीची_आई
तो दोन दिवस जेवला नाही धड. म्हणतो मी ओरडलो होतो तरी स्टॉपर उडाला. ओरडला म्हणजे 'मारो, मारो' असं.

मांडवीकर
मग बरोबर ना, गोलीच सांगतोय की मार, आणि स्टॉपरने मारला.

गोलीची_आई
नाही नाही, घरी मराठी बोलतो पण ग्राउंडवर सगळे गुजराती. 'मारो' म्हणजे माझा. मी घेतो, तू सोड. स्टॉपरचं नवीनच ॲडमिशन आहे, कानपूरहून आलेत ते, वडील रेल्वेत.

सेव_उसळ_एक्स्ट्रा_तर्री
😂😂😂 अरे देवा. एकाने सांगितलं माझा, दुसऱ्याने ऐकलं हाण. याला म्हणतात बडोदा.

मधली_शिट्टी
नमस्कार. कुणीतरी लिंक पाठवली म्हणून आयडी काढला. तो मधला मी.

सगळं वाचलं, कुणी शिव्या दिल्या नाहीत त्याबद्दल आभार, ग्राउंडवर कोटा पूर्ण झालेला. माझी बाजू सांगतो. झेंडेवाले कडेने बघत होते, त्यांना जागा उत्तम दिसते पण स्टॉपरची छाती कुठे वळलीय ते दिसत नाही. मी समोरून वीसेक मीटरवर. मला दिसलं की त्याने बॉल येताना बघितला, दोन पावलं मागे घेतली, 'मारो' मी पण ऐकलं, आणि तो उडाला. मला वाटलं गोलीने सांगितलंय, याने ठरवून डोक्याने मागे गोलीकडे दिला आणि आखूड पडला. म्हणजे लव्हरेनसारखं, खेळला पण बिघडला. म्हणून गोल. मी झेंडा बघितला नाही असं नाही, ऑफसाइड जागा तुमचीच धरली, पुढचं माझं होतं.

झेंडेवाला_बडोदा
साहेब नमस्कार. हे तुम्ही तिथेच चार वाक्यात सांगितलं असतं तर मी हा धागाच काढला नसता :) पण एक विचारतो, ती दोन पावलं मागे, ती सावरून घेतलेली की बॉल डोक्यावरून चाललाय म्हणून मागे पळतानाची? कारण मला कडेवरून तो उडाला तेव्हा तोल मागे गेलेला दिसला, टाचांवर. तसा उडालेला माणूस बॉलला दिशा काय देणार, त्याला फक्त लागणारच.

मधली_शिट्टी
टाचा मला दिसल्या नाहीत, समोरून दिसत नाहीत. हे खरं आहे.
आणि ताईंचं वाचल्यावर माझं 'मारो' पण गेलं. मी आवाज ऐकून त्याच्या मनात काय होतं ते ठरवलं, हे माझं चुकलं. खुलासा वाचला तर त्यात मनाचा विचारच नाही, बॉल खेळता आला असता का एवढंच. पोराने मनापासून मारायचा म्हटलं तरी टाचांवरून निसटता लागला तर तो लागलाच. आत्ता घरी बसून मला विचाराल तर ६०-४० ऑफसाइड. तेव्हा ग्राउंडवर ७०-३० गोल वाटला.

ऑफसाइड_ट्रॅप
मी अजून गोलवरच आहे. उंच बॉल, लांबून, वेळ होता. 'मारो' गुजराती असो की कानपुरी.

मांडवीकर
ट्रॅपराव एकटे पडले. ताई, व्हिडिओ नाही का कुणाकडे?

गोलीची_आई
माझ्याकडे आहे पण मी फक्त मुलाचाच काढते. त्यात तो पळत पुढे येतो आणि मग मागे वळून जाळीत बघतो. मधलं काहीच नाही. आणि मागे कुणीतरी पतंग काटला त्याचा आवाज.
निकाल बदलेल का याने?

मधली_शिट्टी
नाही ताई, खेळ परत सुरू झाला तिथेच तो निर्णय पक्का होतो. २-१ तेच राहणार. मुलाला सांगा त्याचं बाहेर येणं बरोबर होतं. आणि टीमने एक भाषा ठरवावी, 'गोली' असं ओरडावं, ते सगळ्यांना कळतं.

झेंडेवाला_बडोदा
साहेब, पुढच्या रविवारी परत तीच जोडी लावलीय आपली, आत्ताच मेसेज आला. सुरू व्हायच्या आधी दहा मिनिटं बोलू का, असा स्पर्श झाला तर मी झेंडा करू का थांबू?

मधली_शिट्टी
झेंडा करा, तुम्हाला दिसलेली जागा मला कळायलाच पाहिजे. पण मी लगेच शिट्टी मारणार नाही, तुमच्याकडे पळत येईन, दोन वाक्यं बोलू, मग ठरवू. आपल्याकडे कानात यंत्र नाही तर पायाने जायचं. साडेसहाला या.

झेंडेवाला_बडोदा
येतो. आणि एक खरा झेंडा आणा जमलं तर, माझ्या झाडूची काठी परवा वर करतानाच निसटली होती, निळ्यांच्या कोचना वाटलं मी फेकून मारली.